सायकल शेअरिंगचं भाडं ठरवताना फेऱ्या आणि उत्पन्नाचा हिशोब कसा मांडायचा

लंडनच्या सार्वजनिक सायकलींचं भाडं सप्टेंबर २०२२ मध्ये बदललं. त्याआधी २ पाउंड भरले की २४ तास सायकली घेता येत, आणि अर्ध्या तासाच्या आत परत लावलेली प्रत्येक फेरी त्यातच धरली जाई. नव्या पद्धतीत अर्ध्या तासापर्यंतच्या प्रत्येक फेरीला १.६५ पाउंड लागू लागले. दिवसात एकदाच सायकल घेणाऱ्याचे ३५ पेन्स वाचले. सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला मात्र २ ऐवजी ३.३० पाउंड पडू लागले, म्हणजे थेट ६५ टक्के वाढ. मग भाडं वाढलं की कमी झालं?

भाडेबदलाच्या बहुतेक चर्चा इथेच फसतात. एक बाजू म्हणते, वाढ केली तर लोक सायकल सोडतील. दुसरी म्हणते, सेवा तोट्यात आहे, वाढ केल्याशिवाय गत्यंतर नाही. दोन्ही बाजू भाडं हा एकच आकडा धरून बोलतात. प्रत्यक्षात दरपत्रकात पाच-सहा वेगवेगळ्या किमती असतात आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्यांतली वेगळीच किंमत जाणवते. सेवा चालवणारी कंपनी, पालिकेचा वाहतूक विभाग किंवा भाडेवाढीवर हरकत नोंदवू पाहणारा नागरिकांचा गट यांपैकी कुणीही हा हिशोब मांडू शकतो. त्यासाठी एक स्प्रेडशीट आणि फेऱ्यांची नोंद पुरते. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि शिकागोच्या सेवा प्रत्येक फेरीची माहिती, सुरुवातीचं आणि शेवटचं स्टेशन (सायकल घेण्याची आणि परत लावण्याची जागा), वेळ आणि स्वार सभासद, म्हणजे पासधारक, होता की तात्पुरता, अशा रूपात सर्वांसाठी खुली ठेवतात. तुमच्या सेवेची माहिती हाती नसेल तर सराव त्यांवर करता येईल.

पायरी १: दुखणं भाड्याचंच आहे का, ते तपासा

रोजच्या फेऱ्यांना चालू स्थितीतल्या सायकलींच्या संख्येने भागा. सायकल सेवांच्या नियोजनासाठी शहरी वाहतुकीवर काम करणाऱ्या आयटीडीपी या संस्थेने जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात एका सायकलीमागे रोज ४ ते ८ फेऱ्या हे लक्ष्य सुचवलं आहे, आणि दर चौरस किलोमीटरला १० ते १६ स्टेशनं. तुमच्याकडे सायकलीमागे जेमतेम एक फेरी होत असेल आणि दोन स्टेशनांमध्ये पंधरा मिनिटांची पायपीट असेल, तर भाडं निम्मं करूनही चित्र फारसं बदलणार नाही. मेलबर्नची सेवा २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. तिथे हेल्मेट कायद्याने सक्तीचं होतं. अचानक मनात आलं, सायकल उचलली आणि निघालं, ही या सेवेची मूळ सोय त्या एका अटीने अडली. अशा अडचणीवर सवलतीचा उतारा चालत नाही.

स्टेशनं रिकामी किंवा भरलेली राहण्याचं प्रमाणही याच टप्प्यावर काढून ठेवा. सकाळी नऊ वाजता सायकलच मिळत नसेल तर भाडं कमी केल्याने येणारा नवा स्वार सायकल लावायच्या रिकाम्या खाचेसमोर उभा राहील आणि पुन्हा फिरकणार नाही.

पायरी २: तूट कोण भरतंय, ते एका कागदावर लिहा

वर्षाचा एकूण चालू खर्च भागिले वर्षाच्या फेऱ्या, हा दर फेरीचा खर्च. भाड्याचं एकूण उत्पन्न भागिले फेऱ्या, ही दर फेरीची वसुली. मधली दरी कुणीतरी भरतंच असतं.

पॅरिसची वेलिब सेवा २००७ मध्ये सुरू झाली तेव्हा ती दरी जाहिरातींनी भरली. जेसीदेको कंपनीने शहरातल्या जाहिरातफलकांच्या हक्कांच्या मोबदल्यात सायकली चालवल्या. म्हणूनच वर्षाचा पास २९ युरोत देणं आणि पहिला अर्धा तास मोफत ठेवणं परवडलं. न्यूयॉर्कची सिटी बाइक २०१३ मध्ये बँकेच्या प्रायोजकत्वावर, शहराच्या चालू अनुदानाशिवाय उभी राहिली. तिचा वर्षाचा पास ९५ डॉलरला होता, २०१४ च्या अखेरीस तो १४९ डॉलर झाला आणि पुढे २०० डॉलरच्या वर गेला. दोन्ही शहरं दाट वस्तीची, दोन्हीकडे मागणी भरपूर. भाड्यातला फरक मुख्यतः तूट कुणाच्या गळ्यात आहे यातून आला.

हा कागद तयार झाला की हेतू एका वाक्यात लिहा, आणि तो लिहिताना एक गोष्ट वाढवायची नि दुसरीला मर्यादा घालायची. ‘तूट अमुक रकमेच्या वर न जाता जास्तीत जास्त फेऱ्या’ हा हेतू चालेल. ‘फेऱ्या अमुकच्या खाली न जाता जास्तीत जास्त उत्पन्न’ हाही चालेल. ‘फेऱ्या आणि उत्पन्न दोन्ही जास्तीत जास्त’ हा हेतू ऐकायला छान वाटतो, पण त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही.

पायरी ३: दरपत्रक सुटं करा

आता दरपत्रकातली प्रत्येक किंमत वेगळी काढा. प्रवेशाची किंमत म्हणजे पहिली फेरी करायला खिशातून किमान किती जातात. पासधारकाची पुढच्या फेरीची किंमत बहुतेक ठिकाणी शून्य असते. मग येतात समाविष्ट मिनिटं, म्हणजे भाड्यात किंवा पासात धरलेला वेळ, संपल्यावरचा दर, इ-सायकलचा जादा आकार, आणि अनामत असल्यास ती. सायकल हरवल्याचा दंडही लिहा. तो क्वचितच वसूल होतो, पण नवख्याला सगळ्यात आधी दिसतो आणि दचकवतो.

यानंतर पाच-सहा प्रातिनिधिक स्वार घ्या आणि प्रत्येकाला दर फेरी प्रत्यक्षात किती पडते ते काढा. समजा एकेरी फेरी १० ला आहे आणि महिन्याचा पास १०० ला (चलन कोणतंही धरा). महिन्यात २० फेऱ्या करणाऱ्या पासधारकाला फेरी ५ ला पडते. पास काढून ४ च फेऱ्या करणाऱ्याला ती २५ ला पडते, एकेरी भाड्याच्या अडीचपट. कागदावर हा दुसरा माणूस सगळ्यात फायद्याचा ग्राहक दिसतो, कारण तो पैसे देतो आणि सायकल झिजवत नाही. नूतनीकरणाच्या वेळी सगळ्यात आधी जाणाराही तोच. पासाचं उत्पन्न अशा लोकांवर किती टेकलं आहे हे माहीत नसताना पास महाग करणं हा जुगार आहे.

पास आणि एकेरी भाडं यांचं गुणोत्तर स्वतंत्र लिहून ठेवा. पासाची किंमत भागिले एकेरी भाडं, इतक्या फेऱ्यांनंतर पास वसूल होतो. लंडनच्या २०२२ च्या दरांत महिन्याचा पास २० पाउंडांचा होता, तो तेराव्या फेरीला वसूल होई. वर्षाचा १२० पाउंडांचा पास ७३ व्या फेरीला. आठवड्याला दीड फेरी करणाऱ्यालाही वर्षाचा पास परवडावा असा हा बेत. दिवसाच्या पासाची जागा मात्र रिकामी राहिली होती, आणि २०२४ मध्ये ३ पाउंडांचा दिवसाचा पास आणून ती भरली गेली. दोन फेऱ्यांना ३.३० भरणाऱ्याची सोय झाली.

पायरी ४: लवचिकता काढा, पण गटवार

किंमत एक टक्क्याने बदलली की मागणी किती टक्क्यांनी बदलते, याला अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता म्हणतात. भाडं २० टक्क्यांनी वाढलं आणि फेऱ्या १० टक्क्यांनी घटल्या तर लवचिकता उणे ०.५. हा आकडा उणे १ पेक्षा सौम्य असेल तर वाढीतून उत्पन्न वाढतं, तीव्र असेल तर घटतं.

उदाहरण घेऊ. महिन्याला ८,००० एकेरी फेऱ्या, भाडं १०, उत्पन्न ८०,०००. भाडं १२ केलं. लवचिकता उणे ०.५ असेल तर फेऱ्या ७,२०० राहतील आणि उत्पन्न ८६,४०० होईल. ती उणे १.२ असेल तर फेऱ्या ६,०८० वर येतील आणि उत्पन्न ७२,९६० वर. दोन्ही वेळा स्वार गमावले, पण एकदा पैसा आला आणि एकदा तोही गेला.

लवचिकता आधीच माहीत असणं दुर्मीळ. म्हणून हिशोब उलटा करा. जुनं भाडं भागिले नवं भाडं: १० भागिले १२ म्हणजे ०.८३. फेऱ्या ८३ टक्क्यांच्या वर टिकल्या तर उत्पन्न वाढेल. भाडं १० वरून ८ वर आणायचं असेल तर तोच भागाकार १.२५ येतो, म्हणजे फेऱ्या २५ टक्क्यांनी वाढल्या तरच उत्पन्न पूर्वीइतकं होईल. ‘एवढी घट होईल असं वाटतं का’ हा प्रश्न ‘लवचिकता किती’ या प्रश्नापेक्षा बैठकीत लवकर सुटतो. सेवा रोज हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्याचं बऱ्यापैकी उत्तर देता येतं.

बसच्या क्षेत्रात १९६० च्या दशकापासून एक ठोकताळा चालत आला आहे: भाडं ३ टक्के वाढलं की प्रवासी १ टक्क्याने घटतात. तो उचलून सायकलींना लावू नका. बसच्या प्रवाशाला बऱ्याचदा दुसरा मार्ग नसतो. सायकलची फेरी सहसा छोट्या अंतराची असते आणि तिला पायी जाणं हा फुकटचा पर्याय कायम असतो. शिवाय पासधारकाला पुढची फेरी फुकट असल्यामुळे पास महागला तरी महिनाअखेरपर्यंत त्याच्या फेऱ्या तसूभर हलत नाहीत. तो एकदम गळतो, नूतनीकरणाच्या दिवशी.

खरी मेख पुढेच आहे. वरच्या उदाहरणातल्या ८,००० एकेरी फेऱ्यांपैकी २,७०० फेऱ्या अशा ३०० जणांच्या आहेत जे महिन्यात प्रत्येकी ९ वेळा सायकल घेतात. १० च्या भाड्यात त्यांचा महिन्याचा खर्च ९० होता, म्हणून ते १०० चा पास घेत नव्हते. भाडं १२ झाल्यावर त्यांचा खर्च १०८ झाला. पास स्वस्त ठरला, ते पासाकडे वळले. त्यांच्याकडून येणारं उत्पन्न २७,००० वरून ३०,००० झालं. पुढची फेरी फुकट झाल्यामुळे त्यांच्या फेऱ्याही वाढल्या. अहवालात मात्र काय दिसेल? ‘भाडेवाढीनंतर एकेरी फेऱ्या २,७०० ने घसरल्या.’ दुसऱ्या दिवशी बातमी तीच छापून येईल.

म्हणून एकेरी भाड्यात केलेला बदल एकेरी फेऱ्यांवर मोजायचा नाही, तो माणसांवर मोजायचा. बदलाआधी एकेरी भाडं भरणाऱ्या खात्यांपैकी किती पासाकडे गेली, किती थांबली, किती तशीच राहिली? सेवेकडे खातेनिहाय नोंद असते, तिच्यातून हे निघतं. पासाचा दर न हलवता नुसतं एकेरी भाडं हलवणं ही माझ्या मते दरपत्रकातली सगळ्यात ताकदवान आणि सगळ्यात कमी समजून घेतलेली कळ आहे.

उलट दिशेनेही हेच घडतं. वॉशिंग्टनच्या कॅपिटल बाइकशेअरमध्ये एका फेरीसाठीही किमान दिवसाचा पास घ्यावा लागे. जून २०१६ मध्ये तिथे २ डॉलरची एकेरी फेरी सुरू झाली. ज्याला फक्त एकदाच नदीपलीकडे जायचं आहे त्याला दार उघडं झालं, आणि नवे स्वार आले. पण जो दिवसाचा पास काढून दोनच फेऱ्या करायचा तो आता ४ डॉलरमध्ये भागवू लागला. प्रवेशाची किंमत खाली आणली की नव्यांकडून येणारा पैसा आणि जुन्यांकडून सुटणारा पैसा वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. नवे स्वार पुढे पासधारक होतात की नाही, यावर तो सौदा नफ्याचा की तोट्याचा हे ठरतं, आणि ते कळायला वर्ष लागतं.

पायरी ५: मोफत मिनिटांना हात लावण्याआधी

लियॉं, पॅरिस, लंडन, तैपेई, हांगझोऊ अशा अनेक शहरांनी सुरुवात मोफत मिनिटांनी केली. हांगझोऊत तर पहिला पूर्ण तास मोफत होता. यातून फेऱ्या खूप येतात आणि बहुतेक फेऱ्यांवर काहीच वसूल होत नाही. तैपेईने एप्रिल २०१५ मध्ये पहिल्या अर्ध्या तासाला ५ तैवानी डॉलर लावले. रक्कम किरकोळ, पण शून्यावरून ५ वर जाणं आणि ५ वरून १० वर जाणं यांचा परिणाम सारखा नसतो. शून्याला टक्केवारीही लागत नाही, त्यामुळे लवचिकतेचं सूत्र इथे निकामी होतं. फुकट असताना लोक दोन गल्ल्यांसाठी सायकल घेतात. पैसे लागले की आधी त्या फेऱ्या गळतात. त्या गळण्याचं दुःख किती करायचं, हे पायरी २ मध्ये लिहिलेल्या हेतूवर अवलंबून. २०२४ मध्ये तैपेईने अनुदान देऊन पहिला अर्धा तास पुन्हा मोफत केला.

समाविष्ट मिनिटांची मर्यादा लोकांना घाईही लावते. फेऱ्यांच्या कालावधीचा आलेख काढा. २५ ते ३० मिनिटांच्या पट्ट्यात गर्दी आणि ३० नंतर एकदम कडा दिसली तर मर्यादा काम करते आहे. मधल्या स्टेशनवर सायकल लावून लगेच दुसरी घेणारेही दिसतील. न्यूयॉर्कने सभासदांना ४५ मिनिटं आणि तात्पुरत्यांना ३० मिनिटं असा फरक ठेवला. ही सवलत स्वस्तातली आहे, कारण बहुसंख्य फेऱ्या मुळातच त्याहून छोट्या असतात, आणि सभासदाला मात्र मोकळेपणा वाटतो.

जादा वेळेच्या आकारातून येणारं उत्पन्न वेगळं काढा आणि ते कुणाकडून आलं ते पाहा. बहुतेकदा ते पहिल्यांदाच आलेल्या, दरपत्रक न वाचलेल्या पर्यटकांकडून आलेलं असतं. लंडनच्या सुरुवातीच्या दरांत हा आकार चढत चढत २४ तासांना ५० पाउंडांपर्यंत जाई. न कळल्यामुळे मिळालेल्या पैशावर अंदाजपत्रक उभारू नये. नियम सोपे करताच तो पैसा आटतो, आणि नियम सोपे कधीतरी करावेच लागतात.

पायरी ६: इ-सायकलींचा दर वेगळा हिशोब मागतो

इ-सायकलची मागणी जास्त आणि खर्चही जास्त, कारण बॅटऱ्या बदलायला माणसं फिरवावी लागतात. दर दोन प्रकारे लावता येतो: फेरीमागे ठरावीक जादा रक्कम किंवा दर मिनिटाला. मिनिटाच्या दरात सेवेचा खर्च नीट वसूल होतो, पण स्वाराला निघताना फेरी कितीला पडेल ते कळत नाही. शिवाय त्याचा भार लांबून येणाऱ्यांवर पडतो, आणि लांब राहणारे पुष्कळदा कमी उत्पन्नाचे असतात. मिनिटाचा दर ठेवायचाच असेल तर एका फेरीची कमाल रक्कम ठरवून द्या. लाल दिव्याला थांबलेल्या स्वाराच्या डोक्यात मीटर फिरत असतो, ही सुरक्षिततेचीही बाब आहे.

साध्या सायकली हळूहळू काढून इ-सायकली आणल्या आणि दरपत्रकावरचा आकडा तोच ठेवला, तरी ती भाडेवाढच. कारण स्टेशनवर शिल्लक असते ती महागडी सायकल. प्रत्यक्ष दिलेल्या भाड्याची दर फेरी सरासरी दरमहा काढली की हे उघड होतं.

पायरी ७: सवलत कुणाला, आणि ती पोचते का

२०१३ मध्ये लंडनने दर दुप्पट केले: दिवसाचा १ चा २ पाउंड, वर्षाचा ४५ चा ९०. त्यानंतरच्या अभ्यासात दिसलं की तात्पुरत्या फेऱ्यांमधली घट गरीब वस्त्यांमधल्या रहिवाशांत जास्त होती. सरसकट वाढीचा फटका सरसकट बसत नाही. म्हणून वाढ करायची तर सवलतीचा पास आधी तयार ठेवावा, वाढीनंतर आरडाओरडा झाल्यावर नव्हे.

फिलाडेल्फियाने २०१५ मध्ये सेवा सुरू करतानाच रोखीने पैसे भरायची सोय ठेवली आणि पुढे सरकारी साहाय्य मिळणाऱ्यांना महिना ५ डॉलरचा पास दिला. शिकागोनेही २०१५ मध्ये पात्र रहिवाशांसाठी पहिल्या वर्षाला ५ डॉलरची योजना काढली. यात दर जितका महत्त्वाचा तितकीच रोखीची सोय. क्रेडिट कार्ड नसलेल्याला अर्ध्या किमतीचा पासही निरुपयोगी. पात्रता ठरवायला नवा अर्ज, नवी छाननी काढू नका. शिधा, घर किंवा शिक्षणासाठी जी सरकारी यादी आधीपासून आहे तिला जोडा.

अनामतीबद्दल दोन शब्द. चीनमध्ये मोबाइक ही सायकल कंपनी २९९ युआन अनामत घेई, तिची स्पर्धक ओफो सुरुवातीला ९९ आणि मग १९९. फेरी मात्र अर्ध्या तासाला साधारण १ युआन. म्हणजे नवख्यासाठी खरी प्रवेशाची किंमत फेरीच्या शेकडो पट. २०१८ च्या अखेरीस ओफो अडचणीत आली तेव्हा अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग एक कोटीच्या वर गेली. अनामत हे उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. ताळेबंदात ती उत्पन्नाच्या जवळपास कुठे दिसली तर तिथेच थांबून प्रश्न विचारा.

लॉस एंजेलिसने जुलै २०१८ मध्ये एकेरी फेरी ३.५० वरून १.७५ डॉलरवर आणली, म्हणजे बसच्या तिकिटाइतकी. निम्मी किंमत झाली हे खरं, पण ‘सायकल म्हणजे बसच, फक्त वेगळं वाहन’ हे प्रवाशाला न सांगता कळलं, तो फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. उलट हिशोबाने पाहिलं तर उत्पन्न टिकवायला फेऱ्या दुप्पट व्हायला हव्यात. इतकी वाढ नुसत्या दरातून मिळणं अवघड. असा निर्णय घेणाऱ्या संस्थेने तूट मान्य करूनच तो घ्यायला हवा.

पायरी ८: सायकली हलवण्याचा खर्च भाड्यातून कमी करता येतो

चढावरच्या स्टेशनांवरून लोक सायकल घेऊन उतरतात आणि वर चढवत नाहीत. सकाळी एक भाग रिकामा होतो, दुसरा भरतो. मग ट्रक फिरवून सायकली हलवाव्या लागतात आणि हा चालू खर्चातला मोठा भाग असतो. पॅरिसने २००८ पासून उंचावरच्या स्टेशनांवर सायकल नेऊन लावणाऱ्याला १५ मिनिटं जादा द्यायला सुरुवात केली. न्यूयॉर्कच्या बाइक एंजल्स योजनेत रिकाम्या स्टेशनवर सायकल आणून लावली की गुण मिळतात आणि त्यांतून सभासदत्व वाढवून मिळतं. इथे सेवा भाड्याचा थोडा भाग सोडते आणि ट्रकची फेरी वाचवते. सोडलेली रक्कम एका सायकलीमागच्या ट्रकच्या खर्चापेक्षा कमी आहे ना, एवढंच तपासायचं.

गर्दीच्या वेळी दर चढवायचा मोह टाळा, निदान सुरुवातीला. स्टेशनवर पोचेपर्यंत भाडं कळत नसेल तर लोक त्या सेवेवर रोजचा प्रवास बेतत नाहीत.

पायरी ९: बदल लागू करा आणि तो मोजा

मोजणीची तयारी निर्णयाआधी हवी. लंडनचंच बघा. २०१२ मध्ये सुमारे ९५ लाख फेऱ्या झाल्या, दर दुप्पट झाल्यावर २०१३ मध्ये सुमारे ८० लाख, आणि २०१४ मध्ये १ कोटी. पहिली दोन वर्षं घेतली तर भाडेवाढीने १५-१६ टक्के फेऱ्या घालवल्या असं सिद्ध होतं. २०१२ आणि २०१४ घेतली तर दर दुप्पट केल्याने फेऱ्या वाढतात, असंही सिद्ध होतं! मधल्या काळात काय झालं होतं? २०१२ हे ऑलिंपिकचं वर्ष होतं. त्या वर्षी मार्चमध्ये सेवा पूर्वेकडे वाढली होती आणि डिसेंबर २०१३ मध्ये नैर्ऋत्येकडे. एकूण फेऱ्यांच्या आकड्यात हे सगळं मिसळलेलं असतं. वॉशिंग्टनमध्ये २ डॉलरची फेरी आली त्याच महिन्यात मेट्रोचं सेफट्रॅक हे दुरुस्तीचं मोठं काम सुरू झालं आणि ते वर्षभर चाललं. सायकलवर आलेले लोक भाड्यामुळे आले की मेट्रो अडल्यामुळे?

या गुंत्यातून वाट काढायची तर एकूण फेऱ्या बाजूला ठेवा आणि जुन्याच स्टेशनांवरच्या, दर चालू सायकलीमागच्या रोजच्या फेऱ्या घ्या. तुलना मागच्या महिन्याशी नको, मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यांशी करा. पावसाचे आणि कडक थंडीचे दिवस दोन्हीकडून वगळा. मग ज्यांचं भाडं बदललेलं नाही असा गट शोधा. समजा एकेरीचं भाडं कमी केलं आणि एकेरी फेऱ्या १८ टक्क्यांनी वाढल्या, पण त्याच काळात दर न बदललेल्या सभासदांच्या फेऱ्याही ५ टक्क्यांनी वाढल्या. ते ५ टक्के हवामानाचे, नव्या सायकल मार्गांचे किंवा आणखी कशाचे. भाड्याच्या खात्यावर उरले १३. मात्र सभासदांपैकी काही जण पास सोडून एकेरीकडे आले असतील तर हा हिशोब बिघडतो, म्हणून पायरी ४ मधली खात्यांची हालचाल इथे पुन्हा लागते. वॉशिंग्टनसारख्या स्थितीत मेट्रोचं काम चालू नसलेल्या भागातली स्टेशनं वेगळी काढली तर अंदाज आणखी स्वच्छ होतो.

एका वेळी एकच किंमत हलवा. एकेरी भाडं, समाविष्ट मिनिटं आणि इ-सायकलचा दर एकाच दिवशी बदलले तर कशामुळे काय झालं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही. बदल ऋतू पालटताना करू नका. दर बदलण्याची तारीख आणि मोजणीचे निकष आधीच जाहीर करा: फेऱ्या कितीच्या खाली गेल्या तर बदल मागे घ्यायचा, हे आकड्यात लिहिलेलं असावं. ते लिहायला कुणी तयार होत नाही, कारण एकदा लिहिलं की पाळावं लागतं.

वर्षाच्या पासाचा दर बदलणार असाल तर धीर धरा. वाढ जाहीर होताच लोक जुन्या दरात पास घेऊन ठेवतात. त्या महिन्यात उत्पन्न उसळतं, पुढच्या दोन-तीन महिन्यांत पडतं, आणि दोन्ही आकडे फसवे असतात. प्रत्येक सभासदाला नवा दर त्याच्या नूतनीकरणाच्या महिन्यातच भेटतो, म्हणून सभासदांचे बारा महिन्यांचे बारा गट करा. प्रत्येक गटात किती टक्के लोकांनी नवा दर भरला, किती जण महिन्याच्या पासावर किंवा एकेरीवर उतरले आणि किती जण साफ गेले, हे मागच्या वर्षीच्या त्याच गटाशी ताडून पाहा. बाराव्या गटाचा आकडा हाती येईपर्यंत पासाच्या दराला पुन्हा हात लावू नका.